स्वतंत्र मिक्सिंग पेटीत आवाज पुन्हा पुन्हा तुटतो: दोष शोधण्याची पद्धत

लॅपटॉप, कंट्रोलर आणि त्यांच्यामधले वायरींचे जंजाळ टाळून सगळे काही एकाच पेटीत असावे, या विचाराने रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर डीजे सॉफ्टवेअर बसवून, त्याला फेडर (सरकवायच्या पट्ट्या), जॉग व्हील (हाताने फिरवायची चकती), टचस्क्रीन आणि साउंड कार्ड जोडून स्वतःची मिक्सिंग पेटी तयार करणारे आता पुण्यातही भेटतात. त्यांची तक्रार बहुधा सारखीच असते. घरच्या टेबलावर तासन्‌तास बिनबोभाट वाजणारी पेटी मांडवात किंवा लॉनवर नेली की अधूनमधून आवाज तुटतो. कधी बारीकशी ‘टक्’ ऐकू येते, कधी क्षणभर खरखर होते, तर कधी गाण्यात चांगला अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडतो. मग कोणीतरी बफर वाढवायला सांगतो, चार कार्यक्रम बरे जातात आणि पाचव्याला तेच पुन्हा सुरू होते.

हा लेख या एकाच तक्रारीपुरता आहे. उदाहरण म्हणून रास्पबेरी पाय ४ किंवा ५, त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली, आणि डीजे सॉफ्टवेअर म्हणून ‘मिक्स’ असा संच धरला आहे. हे मिक्स म्हणजे नावाच्या शेवटी तीन ‘एक्स’ असलेले, २००१ सालापासून विकसित होत आलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होय. बाजारात मिळणाऱ्या तयार स्वतंत्र यंत्रांच्या पोटातही शेवटी एक छोटा संगणकच असतो. फरक इतकाच की तेथे वीज, उष्णता, साउंड कार्ड आणि सॉफ्टवेअर यांचा मेळ कारखान्यात घालून दिलेला असतो. घरी बांधलेल्या पेटीत तो मेळ आपल्याला घालावा लागतो, आणि आवाज तुटतो तो जवळजवळ नेहमी या मेळातल्या एखाद्या फटीतून.

प्रथम बफर म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. साउंड कार्डाला सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाच्या लहरीची क्षणाक्षणाची मोजमापे, लागतात, आणि वाजण्याआधी ती साठवणारी छोटी जागा म्हणजे बफर. बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर संगणकाने दर ५.८ मिलिसेकंदांना पुढचे २५६ नमुने तयार करून दिलेच पाहिजेत. ५१२ चा बफर असेल तर ही मुदत ११.६ मिलिसेकंदांची होते आणि १०२४ चा असेल तर २३.२ मिलिसेकंदांची. एकदा जरी मुदत चुकली तरी कार्डाकडे वाजवायला काही उरत नाही आणि कानाला ‘टक्’ ऐकू येते. म्हणूनच ‘प्रोसेसर तर तीसच टक्के वापरात आहे, मग आवाज तुटतो कसा?’ हा प्रश्न फसवा आहे. तीस टक्के ही सरासरी आहे. २५६ च्या बफरवर सेकंदात दीडशेहून जास्त मुदती येत असताना त्यांतली एखादी चुकली, तरी सरासरीवर तिचा ओरखडाही उठत नाही. दोष शोधायचा तो त्या एका वाईट क्षणात.

आधी तुटण्याची जात ओळखावी

मिक्सच्या पसंतीच्या खिडकीत ‘साउंड हार्डवेअर’ या पानावर बफर अंडरफ्लोची मोजणी दिसते. कार्डाला वेळेवर नमुने मिळाले नाहीत की हा आकडा वाढतो. निदानाची सुरुवात या आकड्यापासून करावी, आणि तो पाहण्याआधी पेटीतले काहीही बदलू नये.

आवाज तुटला, मुख्य आउटपुट आणि हेडफोन दोन्हीकडे एकाच वेळी तुटला आणि आकडाही वाढला, तर संगणक मुदत चुकवतो आहे. त्याची कारणे वीज, उष्णता, यूएसबी किंवा सॉफ्टवेअर यांपैकी कोठेतरी आहेत. आकडा जागचा हलला नाही आणि एकाच डेकवरचे (गाणे वाजवणाऱ्या दोन खणांपैकी एकावरचे) गाणे क्षणभर गप्प झाले, दुसरे मात्र चालू राहिले, तर ज्या पेनड्राइव्हवरून किंवा कार्डावरून ते गाणे वाचले जात आहे तेथे खोळंबा आहे. आकडाही हलला नाही आणि दोन्ही डेक पडद्यावर व्यवस्थित पुढे सरकत होते, तर दोष साउंड कार्डाच्या पुढे आहे: सैल जॅक, खराब केबल, अॅम्प्लिफायरचे संरक्षण. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये रात्र घालवण्यात अर्थ नसतो. सतत चालणारी पन्नास हर्ट्‌झची घरघर हा तर वेगळाच विषय आहे. ती अर्थिंगच्या फेऱ्यातून येते, बहुधा पेटी एका सॉकेटवर आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटवर किंवा जनरेटरवर असताना. तिच्यावर उपाय म्हणून पेटीपासून अॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या आवाजाच्या वाटेत रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) आयसोलेटर किंवा तेच काम करणारा डीआय बॉक्स घालतात. अर्थची पिन काढून टाकणे हा उपाय कोणी सुचवला, तर तो ऐकू नये. त्यात जीवाला धोका आहे.

यानंतरचे काम म्हणजे वेळ जुळवणे. आवाज कोणत्या क्षणी तुटला आणि त्या क्षणी यंत्रात काय घडत होते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागते. येथे एक छोटी पण त्रासदायक अडचण येते. रास्पबेरी पाय ४ वर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, त्यामुळे इंटरनेट नसलेल्या ठिकाणी तो मागे कधीतरी साठवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो आणि नोंदींमधल्या वेळा खऱ्या वेळेशी जुळत नाहीत. डीएस ३२३१ जातीचा घड्याळाचा छोटा बोर्ड लावला की प्रश्न मिटतो. पाय ५ मध्ये घड्याळ बोर्डावरच आहे, फक्त त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. आवाज सांभाळणाऱ्या माणसाने कागदावर ‘आठ वाजून बेचाळीस, दुसरे गाणे लोड करताना’ एवढे टिपून ठेवले तरी पुष्कळ होते. पेटी घरी आल्यावर मिक्सची नोंदवही आणि डी-मेसेज या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी त्या वेळेच्या आसपास वाचाव्यात. मात्र कर्नलच्या जुन्या नोंदी पुन्हा सुरू केल्यावर टिकाव्यात यासाठी सिस्टिमडी या लिनक्सच्या व्यवस्थापकाच्या जर्नलला (नोंदवहीला) कायमस्वरूपी साठवण आधीच चालू करून ठेवावी लागते, नाहीतर पेटी बंद करताच पुरावा नाहीसा होतो.

वीज

आमच्या पाहण्यातल्या पेट्यांत सर्वांत जास्त वेळा दोष निघाला तो विजेत, आणि सर्वांत कमी वेळा संशय घेतला गेला तोही विजेवरच. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा पुरवठा लागतो, पाय ५ ला पूर्ण क्षमतेसाठी ५ अँपिअरचा. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास खाली घसरला की बोर्ड कमी दाबाची नोंद करतो आणि स्वतःला सांभाळण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो. वेग उतरला की ५.८ मिलिसेकंदांची मुदत पाळणे अवघड होते.

हे गणित केबलमध्येच कसे बिघडते पाहा. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून आणलेली बारीक तारांची, मीटरभर लांबीची यूएसबी केबल असेल आणि तिचा जाण्यायेण्याचा मिळून रोध ०.२ ओहम असेल, तर ३ अँपिअरला तिच्यातच ०.६ व्होल्ट खर्च होतात. पुरवठ्यापाशी ५.१ व्होल्ट मोजले तरी बोर्डापाशी ४.५ च उरतात. अडॅप्टर बदलून काही फरक पडत नाही असे म्हणणाऱ्यांनी केबल तीच ठेवलेली असते. पेटीतच १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवला असेल, तर त्याच्यापासून बोर्डापर्यंतच्या तारा आखूड आणि जाड असाव्यात, आणि कन्व्हर्टरचा दाब बोर्डापाशी भाराखाली ५.१ व्होल्ट भरेल असा लावून घ्यावा. मोजताना मल्टिमीटरचे प्रोब चाळीस पिनांच्या पट्टीवरील चौथ्या आणि सहाव्या पिनेला लावतात. प्रोबचे टोक घसरून ५ व्होल्टची पिन कोपऱ्यातल्या ३.३ व्होल्टच्या पहिल्या पिनेशी जोडली गेली तर बोर्ड कायमचा जातो, म्हणून हे काम घाईत करू नये.

मल्टिमीटर मात्र क्षणिक घसरण दाखवत नाही, कारण तो स्वतःच सरासरी दाखवतो. त्यासाठी बोर्डाचीच साक्ष काढावी. व्हीसीजेनसीएमडी या आज्ञेला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारले की सोळा आधाराच्या अंकलेखनात एक संख्या मिळते. उत्तर शून्य आले तर पेटी सुरू केल्यापासून विजेचा आणि उष्णतेचा काहीही त्रास झालेला नाही. उत्तर ५०००५ आले तर या क्षणी दाब कमी आहे आणि वेगही उतरवलेला आहे. उत्तर ५०००० आले तर आत्ता सर्व ठीक आहे, पण मधल्या काळात केव्हातरी दोन्ही गोष्टी घडून गेल्या. ही नोंद पेटी पुन्हा सुरू करेपर्यंत पुसली जात नाही, त्यामुळे कार्यक्रम संपल्यावर पेटी बंद करण्याआधी हा आकडा पाहण्याची सवय लावून घ्यावी. आकडा पाहण्यासाठी लॅपटॉप जोडावा लागू नये म्हणून तो पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवणे सर्वांत सोयीचे.

भार कोठून येतो हेही पाहावे. पाय ४ च्या चारही यूएसबी जागांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा ओळखू आला नाही, तर तो यूएसबी जागांना मिळून ६०० मिलिअँपिअरवरच रोखून धरतो. त्यातून साउंड कार्ड, टचस्क्रीन, बटणांचा बोर्ड आणि पाहुण्याचा पेनड्राइव्ह अशी चार तोंडे भरायची असतात. बोटांनी दाबायच्या पॅडखालच्या रंगीत एलईडींचा पुरवठाही बोर्डाच्याच ५ व्होल्टवरून घेतला असेल, तर गाण्यातल्या प्रत्येक ठोक्यावर सगळे दिवे एकदम उजळतात, दाब तेवढ्यापुरता खचतो आणि आवाज नेमका ठोक्यावर तुटतो. ठोक्याशी जुळणारी तूट दिसली की आधी दिव्यांची वायर काढून पाहावी. दिवे आणि पडदा यांना कन्व्हर्टरवरून वेगळी जोडी द्यावी, केवळ ऋण टोक एकाच ठिकाणी एकत्र आणावे.

उष्णता आणि पुण्याचे ऋतू

प्रोसेसरचे तापमान ८० अंश सेल्सिअसला पोचले की पाय ४ वेग हळूहळू कमी करू लागतो आणि ८५ अंशांना आणखी कठोरपणे. पेटीचे पहिले प्रयोग गणपतीच्या तयारीसाठी श्रावण-भाद्रपदात होतात, तेव्हा पुण्याची हवा ओलसर पण सौम्य असते आणि सगळे सुरळीत चालते. तीच पेटी वैशाखातल्या लग्नसराईत डीपी रस्त्यावरच्या एखाद्या लॉनवर दुपारी चार वाजल्यापासून उघड्यावर ठेवली, की बाहेरची हवाच चाळिशीच्या घरात असते आणि पत्र्याची काळी पेटी उन्हाने वेगळी तापते. ‘पाऊण तास ठीक, मग तूट’ हे लक्षण बहुतेक वेळा उष्णतेचेच असते. अशा वेळी वर सांगितलेला आकडा ५०००० ऐवजी ६०००० किंवा ई०००० असा येतो, म्हणजे दाब कमी झालेला नाही पण वेग मात्र उतरवला गेला आहे.

पंखा हा सुचणारा पहिला उपाय असला तरी मिरवणुकीच्या पेटीसाठी तो चांगला नाही. गुलाल मैद्याइतका बारीक असतो, पंखा तो आत ओढतो आणि एका विसर्जनात पंख्याची पाती, जाळी आणि फेडरच्या फटी भरून निघतात. त्यापेक्षा प्रोसेसरवर जाड थर्मल पॅड ठेवून त्याची उष्णता अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून पेटीच्या तळाकडे किंवा पाठीकडे नेणे अधिक टिकाऊ ठरते. भोसरीत पत्र्याचे काम करून देणाऱ्यांकडे पेटी कापायला टाकतानाच पाठीचा पत्रा तीन मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा मागितला तर खर्च फार वाढत नाही. पेटीचा रंग फिका ठेवला तर उन्हातला फरक हाताला जाणवतो, पण डीजेला काळीच पेटी हवी असते, हे मान्य करून पुढे जावे लागते.

ठरावीक अंतराने येणारी तूट

एक लक्षण इतके बोलके आहे की ते ओळखता आले तर अर्धे श्रम वाचतात. गाणे कोणतेही असो, जागा कोणतीही असो, दर दीड-दोन मिनिटांनी जवळजवळ सारख्याच अंतराने एक ‘टक्’ येते. अशा पेटीत बहुधा दोन साउंड कार्डे असतात: मुख्य आवाजासाठी बोर्डावर बसवलेले एक आणि हेडफोनसाठी यूएसबीचे स्वस्त दुसरे.

दोन्ही कार्डे ४४,१०० नमुने म्हणतात खरे, पण प्रत्येकाचा वेळ मोजणारा स्फटिक वेगळा असतो. दोघांमध्ये दहा लाखांत ५० इतका फरक धरला, आणि स्वस्त स्फटिकांत तो असणे अगदी सामान्य आहे, तर सेकंदाला सुमारे २.२ नमुन्यांचे अंतर पडत जाते. २५६ नमुन्यांचा बफर या गतीने ११६ सेकंदांत रिता होतो किंवा ओसंडतो. बफर दुप्पट केला तर ‘टक्’ही दुप्पट वेळाने येते, आणि दोष सुधारतो आहे असा समज होतो. प्रत्यक्षात काहीच सुधारलेले नसते.

मिक्समध्ये अनेक कार्डांचा मेळ घालण्याची सोय आहे, तिची किंमत म्हणजे वाढलेला विलंब. माझे मत असे की या सोयीच्या मागे लागू नये आणि चार आउटपुट असलेले एकच यूएसबी कार्ड घ्यावे, ज्यातले पहिले दोन मुख्य आवाजाला आणि पुढचे दोन हेडफोनला देता येतात. मग दोन्ही आवाज एकाच स्फटिकावर चालतात आणि हा दोष मुळातूनच उरत नाही. नवीन पेटी आखणाऱ्याने पहिला खर्च येथे करावा, पडदा नंतर मोठा करता येतो.

यूएसबी, हादरे आणि गुलाल

डी-मेसेजमध्ये तुटण्याच्या वेळी यूएसबी उपकरण सुटले आणि पुन्हा जोडले गेले अशी नोंद दिसली, तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नये. सबवूफरच्या शेजारी किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवलेल्या पेटीत साधा यूएसबी प्लग हादऱ्यांनी हळूहळू सैल होतो. आतल्या जोडण्यांना पट्टीने आवळणे, प्लगभोवती गरम गोंदाचा थर देणे आणि पेटीखाली जाड रबराचे पाय लावणे एवढ्याने बहुतेक प्रकरणे मिटतात. साउंड कार्ड आणि बटणांचा बोर्ड एकाच स्वस्त हबवर लावू नयेत. ४८,००० नमुन्यांचे चार चॅनेल २४ बिटांत पाठवायला सेकंदाला ४.६ मेगाबिटच लागतात, म्हणजे क्षमता पुरेशी वाटते. परंतु १२ मेगाबिट गतीची जुनी उपकरणे स्वस्त हबमध्ये एकाच अनुवादकातून जातात आणि तेथे त्यांना एकमेकांची वाट पाहावी लागते. साउंड कार्ड थेट बोर्डाच्या जागेत, बाकीचे हबवर, असा साधा नियम ठेवावा.

बटणांचा बोर्ड स्वतःही आवाज तोडू शकतो, आणि हे कारण फार थोड्या जणांना सुचते. फेडरची किंमत वाचणारा सूक्ष्मनियंत्रक, मग तो टीन्सी असो वा दुसरा कोणता, प्रत्येक बदलाला एक मिडी संदेश (संगीताच्या उपकरणांची ठरलेली संदेशभाषा) पाठवतो. फेडरमध्ये धूळ किंवा गुलाल गेला, अथवा त्याच्या ३.३ व्होल्टच्या संदर्भात खळबळ असली, की हात न लावताही त्याची किंमत ६३ आणि ६४ यांच्यामध्ये नाचू लागते. असे दोन-तीन फेडर मिळून संदेशांचा पूर आणतात, कोणत्या बटणाने काय करायचे हे सांगणारी मिक्सची जावास्क्रिप्टमधली मॅपिंग प्रत्येक संदेशासाठी धावते, पडद्यावरचे बटण प्रत्येक वेळी पुन्हा रंगवले जाते, आणि हा सगळा भार मुदतीच्या वेळेत घुसतो. तपासणी सोपी आहे. पेटीवरून दोन्ही हात काढून घ्यावेत आणि ए-सेक-डम्प या आज्ञेने मिडी संदेश पाहावेत. एकही संदेश दिसता कामा नये. दिसलाच तर कोणता फेडर बोलतो आहे हे त्याच्या क्रमांकावरून लगेच कळते.

उपाय दोन पातळ्यांवर करावा. फेडरच्या मधल्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, आणि सूक्ष्मनियंत्रकात असे लिहावे की आधीच्या किमतीपेक्षा ठरावीक अंतर ओलांडल्याशिवाय नवा संदेश जाऊच नये. पिच फेडरला सात बिटांच्या १२८ पायऱ्या पुरत नाहीत, त्याला चौदा बिटांचे संदेश द्यावे लागतात, त्यामुळे तेथे गाळणी अधिक विचारपूर्वक लावावी लागते. बाकीच्या फेडरांना सात बिट भरपूर आहेत. उलट दिशेने जाणाऱ्या संदेशांकडेही पाहावे: आवाजाची पातळी दाखवणाऱ्या एलईडींना मॅपिंग प्रत्येक सूक्ष्म बदल पाठवत असेल, तर सेकंदाला पंचवीस-तीसपेक्षा जास्त पाठवू नये अशी मर्यादा घालावी. डोळ्याला त्याहून जास्त काही कळत नाही.

सॉफ्टवेअर

वीज, उष्णता आणि यूएसबी निर्दोष ठरल्यावरच सॉफ्टवेअरकडे वळावे. सर्वांत आधी प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘ऑन डिमांड’वरून ‘परफॉर्मन्स’वर आणावा. गरज दिसल्यावर वेग वाढवायचा ही पहिली पद्धत बॅटरी वाचवायला चांगली आहे, पण गरज दिसून वेग वाढेपर्यंत आपली मुदत उलटून गेलेली असते.

मग ध्वनी सेवक, म्हणजे सर्व सॉफ्टवेअरचा आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवणारा मध्यस्थ. रास्पबेरी पायच्या २०२३ सालच्या बुकवर्म आवृत्तीत पाइपवायर हा सेवक आहे. मिक्सने ‘डिफॉल्ट’ उपकरण निवडले असेल तर आवाज त्याच्यामार्फत फिरून जातो. या पेटीत दुसरा कोणताही आवाज वाजणार नसल्याने मध्यस्थाची गरजच नाही. अल्सा या लिनक्सच्या मूळ ध्वनिव्यवस्थेतून कार्ड थेट निवडावे, आणि ते क्रमांकाने न निवडता नावाने निवडावे. एचडीएमआय पडदाही स्वतःला साउंड कार्ड म्हणवतो, आणि पेटी सुरू करताना कोण आधी ओळखले जाते यावर क्रमांक बदलतो. ‘कधी आवाज येतो, कधी येतच नाही’ ही तक्रार येथूनच निघते. मिक्स चालवणारा वापरकर्ता ऑडिओ गटात असावा आणि त्या गटाला रिअल-टाइम प्राधान्य (वेळेच्या कामाला पहिला मान) व स्मृती (मेमरी) अडकवून ठेवण्याची परवानगी दिलेली असावी.

कर्नल बदलायचा का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. रिअल-टाइमसाठीचा प्रीएम्प्ट आरटी हा पॅच कित्येक वर्षे मूळ कर्नलच्या बाहेर होता. २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत तो मूळ कर्नलमध्ये आला. तरीही त्याच्या आधी कर्नल ठरल्या वेळेला किती उशीर करतो हे मोजणारी सायक्लिकटेस्ट ही चाचणी घ्यावी, आणि ती घेताना मिक्स वाजत असावे. ‘मॅक्स’ या रकान्यातला आकडा काही मायक्रोसेकंद ते दोन-तीनशे मायक्रोसेकंद इतकाच येत असेल, तर कर्नल निर्दोष आहे आणि रिअल-टाइम कर्नलने मिक्सिंगच्या पेटीत काहीही हाती लागणार नाही. तो आकडा मिलिसेकंदांत गेला, तरच कर्नलकडे वळावे.

यापुढचे बहुतेक दोष लक्षणावरून ओळखता येतात. नवीन गाणे लोड करतानाच चालू डेक तुटत असेल, तर ते गाणे आधी विश्लेषित केलेले नाही. बीपीएम (मिनिटाला ठोके), की (स्वरपट्टी) आणि लाटांचे चित्र काढायला मिक्स त्याच क्षणी सगळे गाणे वाचू लागते. सर्व गाण्यांचे विश्लेषण आदल्या रात्री करून ठेवावे, आणि ते पेटीवरच करावे. लॅपटॉपवर केलेले विश्लेषण नुसते उचलून आणले तर गाण्यांचे मार्ग वेगळे असल्यामुळे मिक्सला ते ओळखता येत नाही. की-लॉक (वेग बदलला तरी स्वरपट्टी तीच ठेवणारी सोय) चालू केल्यावरच तूट येत असेल, तर त्याचे इंजिन तपासावे. २०२४ मधल्या २.४ आवृत्तीपासून मिळणारे रबरबँड आर-३ आवाजाला उत्तम असले तरी पाय ४ वर दोन डेकसाठी ते जड जाते. साउंडटच हलके आहे, आणि लॉनवरच्या बॉक्समधून दोहोंतला फरक सांगणारा कान विरळा. पडदा पाहताना लाटा अडखळत असतील, तर त्यांचा वेग सेकंदाला तीस चौकटींवर आणावा आणि चित्रे काढणारे ओपनजीएल खरोखर ग्राफिक्स चिपवरच चालते आहे ना, हे पाहावे. ते प्रोसेसरवर पडले असेल तर एक संपूर्ण गाभा केवळ चित्रे काढण्यात जातो. कार्यक्रमात कोणीतरी मोबाइलचा हॉटस्पॉट दिल्यावर एकदाच मोठी तूट आली, तर लिनक्सच्या रोजच्या अद्यतनांचे वेळापत्रक बंद केलेले नाही. ते बंद करावे, आणि वाय-फाय व ब्लूटूथसुद्धा.

एकाच डेकचे गप्प होणे, म्हणजे वाचनाचा खोळंबा, यावर उपाय सरळ आहे: पाहुण्याच्या पेनड्राइव्हवरून वाजवू नये, गाणे आतल्या एसएसडीवर उतरवून मगच डेकवर घ्यावे. उतरवण्याचे कामही गाणे वाजत असताना कमी प्राधान्याने चालावे.

बफर शेवटी

हे सर्व झाल्यावर बफरला हात लावावा. मिक्सिंगसाठी, म्हणजे एकातून दुसऱ्या गाण्यात जाण्यासाठी, २३ मिलिसेकंदांचा विलंब पुरेसा आहे. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे आठ मीटर जातो, म्हणजे आठ मीटरवरच्या बॉक्सचा आवाज डीजेच्या कानापर्यंत तसाही तेवढ्याच उशिरा पोचत असतो. स्क्रॅच करणाऱ्याला मात्र जॉग व्हीलखाली हा उशीर जाणवतो, त्याला ५.८ किंवा फार तर ११.६ मिलिसेकंद लागतात, आणि त्याच्या पेटीत वरच्या कोणत्याही बाबीत कसूर चालत नाही. स्क्रॅच न करणाऱ्याने २५६ चा हट्ट धरण्यात काही मिळत नाही.

मात्र तपासणी करताना बफर उलट लहान ठेवावा. कार्यक्रमात १०२४ वापरायचा असेल, तर घरी २५६ वर पेटी चालवावी, झाकण बंद करून, दिवे पूर्ण उजेडावर, दोन्ही डेकवर की-लॉक चालू, दर दोन-तीन मिनिटांनी नवे गाणे लोड करत, आणि शक्य असेल तर दुपारच्या उन्हात गच्चीवर. दोन तासांनी अंडरफ्लोचा आकडा शून्य, थ्रॉटल्डचे उत्तर शून्य आणि हात न लावता मिडी संदेश शून्य असे तिन्ही मिळाले, तर १०२४ वर ती पेटी कार्यक्रमाला न्यायला हरकत नाही. तिन्हींपैकी एक जरी शून्याच्या वर असेल, तर कोणते हे पाहून त्याच भागाकडे परत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून चाचणी पुन्हा घ्यावी. केबल, कन्व्हर्टर आणि कर्नल एकाच संध्याकाळी बदलले, तर तूट थांबली तरी ती कशामुळे थांबली हे कळत नाही, आणि दुसऱ्या पेटीत तीच तक्रार आली की सगळा शोध पहिल्यापासून करावा लागतो.